रेडीज बाईंचा जबाब

आमच्या ठाण्याचं नाव मी सांगणार नाही. तळोज्याकडे आहे, एवढं पुरे. मी श्यामसुंदर मढवी, कोपरखैरणे गावठाणातला, सहायक फौजदार म्हणून गेल्या मार्चमध्ये रिटायर झालो. पेन्शन चालू आहे आणि ती चालू राहावी अशी माझी इच्छा आहे. ज्यांना यात भित्रेपणा दिसतो त्यांना पुढे आणखी बराच दिसेल.

अरुणा रेडीज पोलीस नव्हत्या. कागदोपत्री त्या वरच्या ऑफिसच्या आवक-जावक विभागातल्या लिपिक. आमच्याकडे मराठी टायपिंगला धड माणूस नव्हता म्हणून त्यांना तात्पुरतं पाठवलं, त्या तात्पुरत्याला अकरा वर्षं झाली. मुद्देमालाची खोली आणि संडास यांच्या मधल्या बोळात त्यांचं टेबल. वर पंखा, जो थंडीत फिरायचा आणि मे महिन्यात बंद पडायचा. खुर्चीवर करंजाड्याच्या घरून आणलेली उशी. ती उशी रोज संध्याकाळी कपाटात कुलूपबंद व्हायची, कारण पोलीस ठाण्यातून वस्तू चोरीला जातात हे बाईंना चांगलं माहीत होतं.

लोकांना वाटतं, तपास अधिकारी तपास करतो. तपास अधिकारी फिरतो, फोन करतो, कोणाला तरी दोन ठेवून देतो आणि मग बाईंच्या समोरच्या स्टुलावर येऊन बसतो. खरा तपास तिथे व्हायचा. साहेब सांगत जायचे, बाई टाइप करत जायच्या आणि मधेच थांबायच्या.

"साहेब, पावणेबाराला तुम्ही ऐरोलीत पंचनामा करताय आणि बारा वाजता पनवेलला आरोपी पकडताय. मधे काय, हेलिकॉप्टर दाखवू?"

साहेब हसायचे आणि वेळ बदलायचे. दोन फौजदार तर बाईंच्या टायपिंगवर इन्स्पेक्टर झाले. त्यातल्या एकाला उत्कृष्ट तपासाचं प्रशस्तिपत्र मिळालं. ज्या दोषारोपपत्रासाठी ते मिळालं त्यातली ओळन् ओळ बाईंची होती. त्याने पेढ्यांचा बॉक्स आणला, आधी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये नेला, मग ड्यूटीवरच्या सगळ्यांना फिरवला, आणि बोळापर्यंत आला तेव्हा आत एक अर्धा पेढा उरला होता. बाईंनी तो खाल्ला आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी जन्मठेप लागली तर आख्खा आणा."

तर अशी बाई. विनोदी, कडक, कामाला वाघ. त्यांच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर होतं, नाव 'तयार'. आत अकस्मात मृत्यूच्या जबाबांचे नमुने. 'गळफास पंखा', 'गळफास झाड', 'खाडीत बुडून', 'विजेचा शॉक', 'साप', 'कंपनीत पडून', 'कंपनीत भाजून'. आमच्या भागात शेवटचे दोन जास्त चालायचे. कोणी मेलं की नातेवाईक येणार, बाई योग्य ती फाइल उघडणार, त्यात मयताचं नाव, वय, पत्ता, नातं, वेळ भरणार. बाकी सगळं आधीच लिहिलेलं. 'ही बातमी ऐकून मला मोठा धक्का बसला,' हेसुद्धा.

आणि प्रत्येक नमुन्याच्या शेवटी एक ओळ होती. 'सदर मृत्यूबाबत माझा कोणावरही संशय नाही व कोणाविरुद्ध काहीएक तक्रार नाही.' ती ओळ असली की प्रकरण अकस्मात मृत्यू म्हणून नोंदवायचं आणि महिन्या-दोन महिन्यांत फाइल बंद. ती नसली की गुन्हा दाखल करा, कंपनीच्या मालकाला बोलवा, त्याचा वकील येणार, वरून फोन येणार. पहिल्या वर्षी बाई नातेवाइकांना विचारायच्या, "कोणावर संशय आहे का?" समोरचा माणूस रडत मान हलवायचा. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे बघायला वेळ कोणाला होता? पुढे विचारणंही बंद झालं. मी कधी म्हणालो नाही की बाई, विचारा. मला तर ते सोयीचंच होतं. माझ्या हातून शंभरावर अकस्मात मृत्यू बंद झाले आणि एकाही नातेवाइकाची तक्रार नव्हती, कारण तसं लिहिलेलंच होतं.

बाई दुष्ट नव्हत्या, पण मऊही नव्हत्या. समोर माणूस हुंदके देत असला तर स्क्रीनवरची नजर न काढता म्हणायच्या, "रडून घ्या. मग मयताचं वय सांगा." एकदा एका बाईने आधारासाठी त्यांचा हात धरला, तर यांनी तो सोडवून घेतला. "ताई, चुकीचं बटण दाबलं जातं." मी त्या दिवशी हसलो होतो. आम्ही सगळेच हसायचो.

बाईंचे यजमान आठ वर्षांपूर्वी वारले. मूळचे चिपळूणकडचे. करंजाड्यात चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट आणि एक मुलगा, केयूर. डिप्लोमा करून तो तळोज्यातल्या एका रंगाच्या कंपनीत मेंटेनन्सला लागला होता. मी गणपतीला त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा पाहिला. उंच, किडकिडीत, आणि भलताच जपून वागणारा. खालच्या दुकानातून दूध आणायला स्कूटर काढली तरी हेल्मेट घालायचा. सोसायटीतली पोरं त्याला 'हेल्मेट' म्हणूनच हाक मारायची. बाई कौतुकाने सांगायच्या, "आमच्याकडे प्रेशर कुकरची शिट्टीसुद्धा तो तपासतो."

माझ्या रिटायरमेंटच्या आधीच्या सप्टेंबरात बाईंनी मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. कंपनीतल्या मोठ्या टाकीवर चढायची शिडी, वर उभं राहायला लोखंडी फळी, आणि तिच्या कठड्याचा एक खांब गंजून बुडातून सुटलेला. केयूरने पाठवला होता. "मी त्याला म्हटलं, तोंडी सांगू नकोस. अर्ज दे, पोच घे." त्याने अर्ज दिला. पोच मात्र कोणी दिली नाही.

ऑक्टोबरातला बुधवार होता, साडेअकरा वाजलेले. दवाखान्यातून फोन आला, कंपनीत एक जण टाकीवरून पडला, आणला तेव्हाच संपलेला. नवीनच बदलून आलेल्या ठाणे अंमलदाराने नाव-गाव चिठ्ठीवर उतरवून माझ्या हातात दिलं. त्याच वेळी माझ्या मोबाइलवर मोठ्या साहेबांचा फोन चालू होता. मी "होय साहेब, निघतो साहेब" करत बोळात गेलो आणि चिठ्ठी रोजच्यासारखी बाईंच्या कीबोर्डवर ठेवली. वाचली नाही. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, पण ही मला अंघोळ करताना आठवते, जेवताना आठवते.

बाईंनी 'कंपनीत पडून' उघडलं. मी फोन ठेवला तेव्हा त्यांची बोटं थांबलेली होती. स्क्रीनवर 'मयत नामे केयूर सुभाष' इतकं उमटलं होतं.

"मढवी," त्या म्हणाल्या, "हा पत्ता माझा आहे."

त्या ओरडल्या नाहीत. चिठ्ठी हातात घेऊन तिच्यावरचं अक्षर पुन्हा पुन्हा बघत राहिल्या, जणू ठाणे अंमलदाराने काहीतरी चुकीचं उतरवलं असेल. मग उठल्या, चप्पल न घालता गेटपर्यंत गेल्या. मी गाडी काढली. दवाखान्यात त्यांनी चादर बाजूला केली, मुलाच्या कपाळावर हात ठेवला आणि एकच विचारलं, "हेल्मेट कुठंय?" पडताना हेल्मेट तर डोक्यावरच होतं, डॉक्टरांनी काढून खाली ठेवलं होतं, मधोमध तडकलेलं.

आता पुढचं नीट ऐका, कारण सगळं इथे घडलं. शवविच्छेदन व्हायला आणि बॉडी ताब्यात मिळायला जवळच्या नातेवाइकाचा जबाब लागतो. डॉक्टर पाचला निघून जाणार, मग बॉडी दुसऱ्या दिवसावर. चिपळूणहून निघालेले दीर रस्त्यात होते. दुपारचे अडीच वाजलेले. ठाण्यात टायपिंग येणारा दुसरा एक शिपाई होता, तो दोन बोटांनी टाइप करायचा, त्याला एका जबाबाला तास लागायचा, वर तो त्या दिवशी कोर्टात गेलेला. मी बाईंजवळ गेलो. त्या बोळात आपल्या खुर्चीवर बसल्या होत्या, कोणीतरी पाण्याची बाटली पुढे ठेवलेली, झाकणही न उघडलेली.

"बाई," मी म्हणालो, "कसं सांगू... पण तुमीच टाइप करून घेता का? लवकर होईल. मग पोराला घेऊन जाता येईल."

जगात दुसरं कुठलं ऑफिस असेल जिथे आईला असं सांगतात? पण आमच्याकडे कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मोठे साहेब केबिनच्या दारातून म्हणाले, "हां, बाईंना बरोबर जमेल."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. फाइल सकाळपासून उघडीच होती. त्यांची बोटं चालू लागली. मयताशी नातं, आई. व्यवसाय, नोकरी. 'ही बातमी ऐकून मला मोठा धक्का बसला,' हे आधीच तिथे होतं. सात मिनिटं लागली असतील. दोन प्रती निघाल्या. त्यांनी न वाचता खाली सही केली. अकरा वर्षांत त्यांनी लोकांना न वाचता सह्या करायला लावल्या होत्या, आता स्वतः केली. मग कागद माझ्यापुढे सरकवला, 'समक्ष' या शब्दाखाली माझी सही हवी होती.

मी वाचला. हो, मी वाचला. सदर मृत्यूबाबत माझा कोणावरही संशय नाही व कोणाविरुद्ध काहीएक तक्रार नाही. कठड्याचा फोटो मी पाहिलेला होता. अर्जाचं मला माहीत होतं. बाईंच्या डोक्यातून त्या क्षणी सगळं पुसलं गेलं होतं, पण माझं डोकं शाबूत होतं. एवढंच म्हणायचं होतं की बाई, शेवटची ओळ काढा. एक बटण दाबायचं काम. मी काय विचार केला ते सांगतो, लपवत नाही. मला वाटलं, ओळ काढली तर गुन्हा दाखल होईल, तपास माझ्याकडे येईल, कंपनी मोठी आहे, रिटायरमेंटला पाच महिने उरलेत. मी सही केली. स्वतःला समजावलं की पोराची बॉडी वेळेत मिळणं महत्त्वाचं. ती मिळाली, साडेचारला.

दुसऱ्या दिवशी मी घटनास्थळी पंचनाम्याला गेलो. पंच म्हणून कंपनीने आपल्याच कॅन्टीनमधले दोन जण उभे केले होते. मी शिडीने वर गेलो. कठडा भक्कम उभा, खांब सरळ, सगळा पिवळाधमक. हात टेकवला तर बोटाला रंग लागला. खाली उतरून रुमालाला पुसला. पंचनाम्यात मी लिहिलं, 'कठडा सुस्थितीत दिसून आला.' खोटं काहीच नव्हतं त्यात, मला तो सुस्थितीत दिसलाच होता. कंपनीच्या मॅनेजरने लेखी दिलं की मयत विनापरवानगी टाकीवर चढला, सेफ्टी बेल्ट लावला नाही, स्वतःच्या हलगर्जीपणामुळे तोल जाऊन पडला. दूध आणायला हेल्मेट घालून जाणाऱ्या पोराबद्दल हे लिहिलं गेलं.

पंधरा-सोळा दिवसांनी बाई कामावर आल्या. आल्या त्या सरळ मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये. मलाही आत बोलावलं. टेबलावर त्यांनी फोटोची रंगीत प्रिंट आणि केयूरच्या अर्जाची घरची प्रत ठेवली.

"साहेब, कंपनीवर गुन्हा दाखल करा. हा कठडा तुटलेला होता. माझ्या मुलाने लेखी कळवलं होतं."

साहेबांनी फोटो उचलला, ठेवला. फाइल उघडली. "बाई, तुमच्या दुःखात आम्ही सगळे आहोत. पण तुमच्या जबाबात तर काही तक्रारच नाही. हे बघा."

बाईंनी तो कागद हातात घेतला. त्यांना तो पाठ होता, तरी पहिल्यांदाच वाचत असल्यासारख्या त्या वाचत गेल्या. शेवटच्या ओळीवर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मान खाली घातली.

"हे... हे नमुन्यातलं आहे साहेब. हे मी बोलले नाही. हे तिथे असतंच."

"असतंच म्हणजे?" साहेबांचा आवाज मऊ होता, मऊ आवाजाची माणसं मला कायम जास्त धोकादायक वाटत आलीत. "म्हणजे नातेवाईक जे बोलत नाहीत ते तुम्ही त्यांच्या जबाबात लिहीत होतात? अकरा वर्षं? हे लेखी देता मला? कारण हे लेखी आलं, तर मला पहिली कारवाई तुमच्यावर करावी लागेल. आणि मग या ठाण्याच्या प्रत्येक केसमधला वकील उठून उभा राहील, की हा जबाबपण बाईंच्या मनचा. दोन खुनी सुटतील. टेन्शन एकट्या तुम्हाला नाही, आख्ख्या डिपार्टमेंटला."

बाई माझ्याकडे वळल्या. "मढवी समोर होते. त्यांना फोटो माहीत आहे. त्यांना विचारा, मला शुद्ध होती का त्या वेळी."

साहेबांनी मला विचारलं, पण प्रश्न वेगळा विचारला. "मढवी, जबाब वाचून दाखवला होता ना?"

खोलीत पंख्याचा आवाज होता. मला आठवतं, साहेबांच्या टेबलावर काचेखाली गणपतीचा फोटो होता आणि मी त्याच्याकडे बघत म्हणालो, "होय साहेब. वाचून दाखवला. बरोबर आहे म्हणाल्या."

बाईंनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी कागद गोळा केले आणि बाहेर गेल्या. संध्याकाळी मी बोळात गेलो, काहीतरी बोलावं म्हणून. त्याच बोलल्या. "मला कोणाला तुरुंगात नाही घालायचं, मढवी. मला फक्त कागदावर पाहिजे की हलगर्जीपणा त्यांचा होता, केयूरचा नाही. मी मेल्यावर त्याच्याबद्दल सांगायला तोच एक कागद उरणार आहे. तुम्ही खरं लिहून द्या. अजूनही देता येईल."

"बघतो," मी म्हणालो. या शब्दाचा सरकारी अर्थ बाईंना माझ्याइतकाच माहीत होता.

तरी त्या तीन महिने धावल्या. वरच्या ऑफिसात अर्ज दिला, पोच घेतली. तिथल्या अधिकाऱ्याने बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाला, "जबाब तुमचा, टायपिंग तुमचं, सही तुमची. यात आम्ही काय करणार?" वाशीला एक वकील गाठला, त्यानेही पहिल्या पाच मिनिटांत तेच विचारलं. कंपनीच्या गेटवर गेल्या तर वॉचमनने आत सोडलं नाही. ठाण्यातले जे अधिकारी त्यांच्याशिवाय एक पान हलवत नव्हते, त्यांनी बोळातून जाणं कमी केलं. संडासाला जायचं तर मागच्या दाराने जायचे. मीही त्यांच्यातच होतो.

जानेवारीत अंतिम अहवाल तयार झाला. तो त्या दोन बोटांच्या शिपायाने टाइप केला होता. दुसऱ्या दिवशी त्याची प्रत माझ्या टेबलावर परत आली, लाल पेनाने खुणा केलेली. 'वय चोवीस, तुम्ही चौतीस लिहिलंय. दिवस बुधवार, तुम्ही गुरुवार लिहिलाय.' दुपारी बाईंनी स्वतः आख्खा अहवाल नव्याने टाइप करून पाठवला. वय बरोबर, दिवस बरोबर, परिच्छेद नीट पाडलेले. 'मयत हा स्वतःच्या हलगर्जीपणामुळे तोल जाऊन पडून मयत झाला,' हे वाक्यही त्यांनी टाइप केलं होतं, जसंच्या तसं. मी विचारलं, "बाई, हे कशाला केलंत?" त्या म्हणाल्या, "त्याचं नाव आहे त्यात. गचाळ कागद जायला नको." प्रकरण बंद झाल्याचं समजपत्र मीच त्यांना दिलं. त्यांनी पोचेवर सही केली, खाली तारीख घातली, वेळ घातली.

त्यानंतर मला वाटत होतं, बाई बदली मागतील किंवा निदान ते 'तयार' फोल्डर पुसून टाकतील. तसं काही झालं नाही. त्या रोज दहाला यायच्या, उशी काढायच्या, बसायच्या. टायपिंगचा वेग तोच. विनोद मात्र संपले होते. आणि आणखी एक गोष्ट. पूर्वी रडणाऱ्या माणसाला त्या "रडून घ्या" म्हणायच्या. आता तेही म्हणत नव्हत्या, माणूस रडत असताना नुसत्या प्रश्न विचारत जायच्या.

फेब्रुवारीचा शेवट. माझे तीस-बत्तीस दिवस उरले होते. दुपारी बाराच्या सुमाराला एका कारखान्याच्या शेडवरून एक जण पडल्याची खबर आली. मिथुन, सत्तावीस वर्षांचा, ठेकेदाराकडे पत्रे बदलायच्या कामाला. त्याची आई गोजरा, जवळच्याच गावातली, आमच्यातलीच आगरी. नऊवारी लुगडं, कपाळ आपटून आपटून लाल झालेलं. ती आली तीच बोलत आली, आणि सगळं स्पष्ट बोलत होती.

"माज्या पोरान तीनदा पट्टा मांगला! तीनदा! तो ठेकेदार बोलला, पट्टा लावशील त काम कवा करशील? त्याचा नाव लिवा. मी त्याला वलखते. त्याचा नाव लिवा तुमी!"

माझ्या अंगात चांगुलपणा आला असं म्हणत नाही. महिनाभराने वर्दी उतरणार होती, आता कोणी माझं फार वाकडं करू शकणार नव्हतं, त्यामुळे धीटपणा स्वस्त झाला होता. पण एक तरी कागद खरा करून जावं असं मला मनापासून वाटलं. मी गोजराला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि बाईंना म्हणालो, "बाई, हिचं म्हणनं जसंच्या तसं घ्या. पट्टा मागितल्याचं घाला. ठेकेदाराचं नाव घाला. शेवटची ओळ नको."

बाईंनी 'कंपनीत पडून' उघडलं. "मयताचं वय?"

"सत्तावीस," मी म्हणालो. "बाई, ऐकलंत ना?"

"पत्ता?"

गोजराने पत्ता सांगितला. बोटं चालत राहिली. नाव, वय, पत्ता, नातं, वेळ. त्यात ठेकेदार कुठे नव्हता. मी वाकून हळू आवाजात म्हणालो, "बाई, तिने नाव सांगितलंय. लिहा ते."

बाई थांबल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

"माझ्या केयूरच्या कागदात कंपनीचं नाव नाही," त्या म्हणाल्या. आवाज रोजचाच, जसा पंचनाम्यातली वेळ चुकल्यावर असायचा. "मग हिच्या पोराच्या कागदात ठेकेदाराचं का असावं? माझा मुलगा हलगर्जी होता आणि हिचा नव्हता? असं नाही चालणार, मढवी. सगळ्यांना एकच नमुना."

"अहो, तिची काय चूक?"

"माझी काय होती?"

प्रिंटर घरघरला. दोन प्रती. गोजरा आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. वाचता येत नव्हतं तिला. "सगला लिवलास ना, बाय?" तिने विचारलं. "त्याचा नाव टाकलास ना?"

"सगळं लिहिलंय," बाई म्हणाल्या. "इथे अंगठा लावा. दुसऱ्या प्रतीवरपण."

गोजराने दोन्हीकडे अंगठा उमटवला. मग कागद माझ्यापुढे आला. तपास माझा होता, जबाब मी नाकारू शकत होतो. फाडून टाकून स्वतःच्या हाताने नवा लिहू शकत होतो, पेन खिशात होतं. पण नवा लिहायचा तर का, हे सांगावं लागलं असतं. आणि ते सांगायला लागलो की बाईंनी तिथेच, सगळ्यांसमोर, मला विचारलं असतं की ऑक्टोबरात तुमचं पेन कुठे होतं. केबिनचं दार उघडं होतं. साहेब आत होते. मला त्या प्रश्नाची भीती वाटली. एवढीच भीती, दुसरी नाही. गोजराच्या पोराचं काय होईल हे तर मला समोर दिसत होतं.

मी सही केली.

"झाला ना आता? पोराला देतील ना माज्या?" गोजराने मला विचारलं.

"देतील, मावशी. पाचच्या आत देतील."

ती उठली. अंगठ्याची शाई तिने पदराला पुसली. मग तोच हात बाईंच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "लय उपकार झालं, बाय. तुजी पोरा सुकात राहूंदे."

बाईंनी हात बाजूला केला नाही. "हो," म्हणाल्या, आणि जबाबाची एक प्रत फाइलला लावली.